दंवात भिजलेले चतुर

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना 287 नंबरचा हायवे काही नवा नाही. एडिसनहून पार्सिपनीला जाताना बास्किंग रिजची पाटी आपण किती वेळा मागे टाकतो! त्या एक्झिटला उतरून थोडं आत वळलं की ‘ग्रेट स्वाम्प’ हे राष्ट्रीय अभयारण्य लागतं. साडेसात हजार एकरांहून जास्त दलदल, गवत आणि झाडी, तीसुद्धा मॅनहॅटनपासून 25-30 मैलांवर! 1959 साली इथं भला मोठा विमानतळ बांधायची योजना पुढे आली होती. आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून सुमारे तीन हजार एकर जमीन विकत घेतली आणि केंद्र सरकारच्या हवाली केली. 1960 मध्ये अभयारण्य झालं. जिथं जेट विमानं उतरायची, तिथं आज चतुर उतरतात.

या चतुरांचे फोटो काढायला उन्हाळ्यात हौशी मंडळी इथं उजाडताच हजर होतात. इतक्या पहाटे का, तर रात्रीच्या गारठ्यानं चतुराचे स्नायू आखडलेले असतात. अंगावर दंवाचे थेंब घेऊन तो काडीला चिकटून बसलेला असतो. ऊन लागलं की पंखांना थरथर सुटते. ही त्याची उडण्याआधीची तयारी. मग आपला खेळ आटोपला असं समजावं.

हाताशी असलेली ही पाऊण तासाची वेळ फार मोलाची. कारण चतुराच्या डोळ्याचा फोटो एका क्लिकमध्ये येत नाही. काही जातींच्या एकेका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास बारीक भिंगं असतात. ती दिसायची तर वस्तू मुळापेक्षा तीन-चार पट, कधी पाचपट मोठी टिपणारी मॅक्रो लेन्स लागते. पण पाचपट मोठं करताना ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, तर जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग स्पष्ट येतो. डोळा झकास, पण मिशी धूसर! ॲपर्चर अगदी बारीक करावं, तर प्रकाशाच्या विवर्तनानं सगळंच चित्र मऊ पडतं.

यावर तोडगा म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा केसभर पुढे सरकवत एकामागून एक फोटो घ्यायचे. एक मिलिमीटर खोलीलासुद्धा वीस-पंचवीस सहज लागतात. घरी आल्यावर कॉम्प्युटर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून सगळ्यांचं मिळून एक चित्र करतो. ऐकायला सोपं आहे. पण मध्येच झुळूक आली, किंवा स्वारीनं मान वळवली, की मिशा दोनाच्या चार होतात! इथली पायवाट लाकडी फळ्यांची. मागून कोणी चालत आलं की ट्रायपॉड हलतो. म्हणून अनुभवी लोक डाव्या हातात गवताची काडीच धरतात आणि त्याच हातावर लेन्स टेकवतात. हललं तर दोन्ही एकदमच हलतं. फ्लॅशपुढे पांढरा पातळ कागद लावायचा, म्हणजे डोळ्यावर चकाकी येत नाही.

कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारेही असतात. अभयारण्यात कीटक पकडायलाच मनाई आहे, आणि ते बरंच आहे. फ्रिजमधून काढलेल्या चतुराच्या अंगावर पहाटेचं दंव कुठून येणार? त्याच्या वेळेला आपण जायचं, आपल्या वेळेला त्यानं यायचं नाही, हा इथला साधा नियम. दहा प्रयत्नांत एखादा जमला तरी मुक्काम सार्थकी लागतो.

पांढऱ्या तोंडाचा, हिरव्या डोळ्यांचा निळा ‘ब्लू डॅशर’ हा नवशिक्यांचा मित्र. दिवसाही उडून परत त्याच काडीवर येतो. पण आपल्याला जास्त जवळचा वाटावा असा आहे सोनेरी ‘वाँडरिंग ग्लायडर’. पावसाळा संपताना आपल्याकडे शेतांवर, मैदानांवर ज्या चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते बरेचसे हेच. भारतातून मालदीवमार्गे ते समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात असं 2009 साली एका संशोधकानं मांडलं. इथल्याच रटगर्स विद्यापीठाच्या नेवार्कमधल्या संशोधकांना 2016 मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या या चतुरांच्या जनुकांत इतकं साम्य आढळलं, की सगळ्या जगात मिळून त्यांचं एकच कुटुंब असावं. ना व्हिसा, ना ग्रीनकार्ड! तोही न्यू जर्सीत उन्हाळ्यात दिसतो, मात्र दिवसभर उडतच राहतो. कुठं काडीला लोंबकळताना सापडला, तर सोडू नका.

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. पँट पायमोज्यांत खोचा, कारण गवतात टिक असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. घरी आल्यावर अंग तपासा. महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही, साधं भिंग पुरे. चहाचा थर्मास मात्र विसरू नका.