रिप्लीची मुलगी

चि. मुक्ता,


मारधाडीच्या सिनेमातल्या बाईला मूल हवंसं वाटलं, की लेखकाने तिला पुन्हा चुलीपाशी नेऊन बसवलं असं समजावं, हे तुझं म्हणणं मला अर्धंच पटलं.

‘एज ऑफ अल्ट्रॉन’वरचा (२०१५) तुझा राग रास्त आहे. त्यातल्या नताशाला मारेकरी म्हणून घडवताना तिची मूल होण्याची शक्यताच शस्त्रक्रियेने संपवली. हा तिच्यावर झालेला अत्याचार. पण सहकारी बॅनरला ते सांगताना ती स्वतःलाच राक्षसांत जमा करते. घेतलेल्या जीवांची टोचणी आणि मूल न होणं एकाच दमात येतं. मूल नाही म्हणून ओटीभरणात बाईला मागे ठेवणाऱ्या घरांत आपण वाढलोय. ते ऐकून आपल्या पोटात खड्डा पडणारच. आणि हे बोलणं होतं कुठे, तर त्यांचाच साथीदार हॉकआय याच्या शेतावरच्या घरात! त्याची बायको गरोदर, पोरं अंगाखांद्यावर, तरी त्याच्या शौर्यावर कुणी शंका घेत नाही. पुढे ‘एंडगेम’मध्ये (२०१९) दोघांपैकी एकाने मरायचं ठरतं तेव्हा कड्यावरून जाते ती, आणि तो मुलाबाळांकडे परततो.

पण म्हणून ती ओढच खोटी कशी? ‘एलियन्स’ (१९८६) पुन्हा बघ, आणि विस्तारित आवृत्तीच बघ. अकराव्या वाढदिवसाला परत येईन असं नायिका रिप्लीने लेकीला कबूल केलेलं असतं. ती अंतराळात ५७ वर्षं निद्रिस्त राहते आणि जागी होते तेव्हा लेक ६६ वर्षांची होऊन वारलेली. हातात येतो तो एका म्हातारीचा फोटो. चित्रपटगृहांत आला तेव्हा हा प्रसंग कापलेला होता. त्यामुळे पुढे भेटणाऱ्या न्यूट या पोरक्या मुलीसाठीची तिची तगमग नुसती बाईची जात म्हणून आली असं वाटायला जागा राहिली. फोटो पाहिल्यावर तसं म्हणता येत नाही.

सोबतच्या सैनिकाने, हिक्सने, आपल्याला दिलेला, माग दाखवणारा पट्टा रिप्ली न्यूटच्या मनगटात घालते. पुढे परग्रहावरचे प्राणी न्यूटला पळवतात, तेव्हा ती त्या मागावर खाली उतरते, तर पट्टा नुसताच पडलेला. ती मोडून पडते, क्षणभरच. तेवढ्यात किंकाळी ऐकू येते. त्याआधीच तिने बंदूक आणि ज्वालाफेक्या चिकटपट्टीने एकत्र बांधलेले असतात. लिफ्टचा दरवाजा उघडेपर्यंत तिचे हात थांबत नाहीत. तिथे माया आणि हुशारी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

तू म्हणशील, मग बाईच्या धाडसाला मूलच लागतं का? नाही गं. या मालिकेतल्या १९७९च्या पहिल्या चित्रपटात मुलाचा विषयही नव्हता. जखमी सहकाऱ्याला आत घ्या म्हणून कप्तान हुकूम सोडतो, तेव्हा विलगीकरणाचा नियम दाखवत दार उघडायला नकार देते ती हीच. हिंमत तिची आधीपासूनची. न्यूट तिने स्वतः निवडली, लग्न नाही, कुणाची परवानगी नाही. स्त्रीमुक्तीत ही निवडही बसते, असं मी ठामपणे मानते.

मला खरा संताप आहे तो ‘एलियन ३’चा (१९९२). सुरुवातीलाच न्यूट मेलेली दाखवली आणि हिक्सही. रिप्लीने जिवाच्या कराराने मिळवलेलं माणूस एका झटक्यात पुसलं. जणू नायिकेने एकटं असल्याशिवाय गोष्ट चालणारच नाही. तुझा नियम लावला तर तो चित्रपट जास्त स्त्रीवादी ठरेल. ते तुला मान्य आहे का, तेवढं कळव.

तुझी,
मावशी