बांधावरची विद्या

मुंबईकरांची पनवेलशी ओळख बहुधा गाडीच्या खिडकीतून झालेली असते. पुण्याला जाताना पनवेल लागते, गोव्याला जाताना पनवेल लागते. फार तर कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसला की वडील मंडळी मुलांना तो बोटाने दाखवतात, आणि गाडी पुढे निघून जाते. पण रस्ता आणि डोंगर यांच्यामध्ये जी भातशेते उरली आहेत, त्यांच्या बांधांवर एक जुनी विद्या अजून नांदते आहे. तिची पोथी नाही, शाळा नाही. ती विद्या आहे कातकऱ्यांची, सापळे लावण्याची.

कातकरी हे नाव काताचे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून विड्याचा कात करायचा, हा या लोकांचा मूळ धंदा. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली, खैरावर कुऱ्हाड घालणे गुन्हा ठरला आणि कात गेला. नाव तेवढे राहिले. मग कोळशाच्या भट्ट्या, लाकूडतोड, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. महाराष्ट्रातल्या कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमातींना सरकार आदिम जमाती म्हणते. वाडी गावाच्या कडेला, जमीन बहुधा दुसऱ्याची. अशा माणसाने पोट कशावर भरावे? बांधात, ओढ्यात आणि रानात जे फिरते, त्यावर.

गेल्या कार्तिकात कर्नाळ्याच्या परिसरातल्या एका वाडीतल्या म्हातारबांबरोबर मी दोन दिवस बांध हिंडलो. कापणी उरकली होती. आपल्या डोळ्यांना सगळे बांध सारखे. म्हातारबा मात्र चालता चालता थबकत, वाकून बिळाच्या तोंडाशी बोट फिरवीत आणि पुढे जात. एका बिळावर कोळ्याने जाळे विणलेले. म्हणजे आत कोणी नाही. दुसऱ्याच्या तोंडाशी ओलसर, भुसभुशीत माती. म्हणजे काल रात्रीच घरमालक बाहेर येऊन गेला. तिसऱ्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. तिथे मात्र त्यांनी मला हाताने मागे सारले. "हितं जनावर हाय, शेठ," एवढेच म्हणाले. जनावर म्हणजे साप, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

उंदराचे बीळ सापडले म्हणजे उंदीर सापडला असे नाही. मी विचारले, "बाबा, भोक तर एकच दिसतंय. मग इकडेतिकडे काय शोधताय?"

"मागचं दार ठेवल्याबिगर उंदीर घर बांधत नाय, शेठ."

ते मागचे दार, चोरदार, हवेचे दार अशी सगळी भोके शोधून ढेकळांनी बुजवायची आणि मग एका तोंडाशी पेंढा पेटवून धूर आत फुंकायचा. कुठल्या ढेकळाच्या फटीतून धुराची रेघ निघते ते बाकीच्यांनी पाहायचे. म्हातारबांची सून ती रेघ दिसताच तिथे जाऊन बसली. मग पहारीने बांध उकरला. आत एका कप्प्यात उंदराने ओढून नेलेल्या भाताच्या लोंब्या नीट रचून ठेवलेल्या! त्या सुनेने पदरात घेतल्या. उंदराचे कालवण आणि उंदराच्याच कोठारातला भात, असा तो बेत. शहरी वाचकांनी नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की शेतमालक या उकराउकरीला आडकाठी करीत नाही. पिकाचा चोर जातो, विषाची पुडी वाचते आणि उकरलेला बांध कातकरी पुन्हा थापून देतो.

हा झाला कार्तिकातला सापळा. मृगाचा सापळा निराळा. पहिल्या पावसाला ओढे वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत शेतांपर्यंत येतात. त्याला वलगण म्हणतात. त्या वेळी बांध फोडून पाणी जिथून पडते, तिथे खोईन लावायची. खोईन म्हणजे बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली. तोंड रुंद, आतल्या बाजूला अणकुचीदार कामट्यांचे दुसरे, अरुंद तोंड. शिंगटी किंवा मरळ आत शिरते तेव्हा कामट्या वाकून वाट देतात. परत फिरली की त्याच कामट्या तिला टोचतात. कामट्यांमधल्या फटींतून बारीक पिल्ले आपोआप निसटतात. मे महिन्यात डोह आटत आले की गेळाची फळे ठेचून पाण्यात कालवायची, म्हणजे मासे गुंगून वर येतात. खेकड्यांना तर सापळाही लागत नाही. बायका बिळात हात घालून त्यांना नांग्यांमागून धरतात.

प्रत्येक सापळा म्हणजे त्या प्राण्याच्या सवयीची उलटी बाजू. उंदीर दोन दारे ठेवतो, म्हणून दारे बुजवायची. मासा चढणीला लागतो, म्हणून चढणीवर थांबायचे. देशावरच्या फासेपारध्यांना नावच फाशांवरून मिळाले, कारण तित्तिर कुठल्या पायवाटेने चालतो हे त्यांना ठाऊक. ब्रह्मदेश, थायलंड आणि चीनच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत लाहू नावाचे लोक राहतात. शेजारी त्यांना जे नाव देतात त्याचा अर्थच शिकारी. तेही बांबू वाकवून त्याच्या ताणावर फास लावतात: जनावराचा पाय पडला की खुंटी सुटते, बांबू सरळ होतो आणि फास आवळतो. लाहूने कातकरी पाहिलेला नाही, कातकऱ्याने लाहू. बांबू मात्र दोघांनाही सारखाच शिकवून गेला.

आता या विद्येचे काय होणार? रानातल्या सशातित्तिरांची गोष्ट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपवली. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य त्याआधीच, १९६८ साली झाले होते. पक्षी राहायचे असतील तर हे व्हायलाच हवे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना पाण्यातल्या माशांवरचा हक्क दिला. पण रानातल्या प्राण्यांची पारंपरिक शिकार आणि सापळे त्यातून स्पष्टपणे वगळले. शेतातला उंदीर या सगळ्यातून सुटला होता. १९७२ च्या मूळ कायद्याने त्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते.

तेव्हा बांधावरच्या विद्येला खरा धोका कायद्याचा नाही. धोका आहे तो बांधच नाहीसा होण्याचा. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, उरण, पनवेल या भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी ठरली. शेतकरी लढले. १९८४ साली जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबारात माणसे पडली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २०२५ च्या ऑक्टोबरात पनवेल तालुक्यातच विमानतळाचे उद्घाटन झाले. शेतमालकाचे हे भांडण न्याय्यच होते. पण त्याच बांधावर कार्तिकात उंदीर आणि मृगात मासे धरणारा कातकरी कुठल्या कागदावर होता? सातबारावर बिळाची नोंद नसते आणि वलगणीचा फेरफार कोणी केलेला नाही. शेत गेले तेव्हा त्याचेही काही गेले, हे कोणाच्या हिशेबातच आले नाही.

दुसरा धोका त्याहून मुकाट. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटायला लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भट्टीवर जातात ती पाऊस जवळ येईपर्यंत. म्हणजे बांध वाचायला शिकण्याचे जे दिवस, नेमके तेच दिवस पोर चिखल तुडवण्यात घालवते. म्हातारबांच्या वाडीत मी गेलो तेव्हा निम्म्या झोपड्यांना काटेरी झाप लागलेले होते. त्यांचा नातू मात्र त्या वर्षी वाडीतच राहिला होता. धुराची रेघ आजोबांच्या आधी त्याने पाहिली, पण ती दाखवायला आईला हाक मारली तेव्हा मुद्दाम आवाज खाली ठेवला. उंदराला ऐकू जाते, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्याला शाळाही हवी आणि हा बांधही हवा. भट्टी तेवढी नको. एवढे जमवणे पनवेलसारख्या गावाला, आता तर महानगराला, खरे म्हणजे अवघड नाही.