खेळण्याचे भागधारक

शेअर घेणाऱ्यास मराठीत ‘भागधारक’ म्हणतात. शब्द कचेरीतला असला तरी अर्थाने मोठा नेमका आहे. भागधारक हा नफ्याचा वाटेकरी हे तर खरेच. परंतु ज्या कामातून तो नफा उपजतो त्या कामातही त्याचा भाग असतो. हल्ली घरोघरची कमावती मुले परदेशी कंपन्यांचेही शेअर घेतात आणि क्वचित आम्हांस विचारतात, ‘फादर, यात काही गैर नाही ना?’ दारू, तंबाखू, शस्त्रे यांविषयीचे उत्तर चटकन देता येते. मुलांच्या खेळण्यांविषयी मात्र आम्ही जरा थांबतो. ते का, हे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या कहाणीवरून सांगता येईल.

क्योटो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ही कंपनी काढली ती पत्ते विकण्यासाठी. बारा महिन्यांच्या फुलांची चित्रे असलेल्या त्या ४८ पत्त्यांस हानाफुदा म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून पत्ते जपानात उतरले. पत्त्यांना तेथे आजही ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’ होय. आपल्याकडच्या ‘पगार’ आणि ‘चावी’ यांचे हे जपानी भावंडच म्हणायचे. जुगारापायी राज्यकर्ते पत्त्यांवर बंदी घालीत आणि कारागीर नवी चित्रे काढून नवा संच बाजारात आणीत. डावात कोणीही हरो वा जिंको, पत्ते विकणाऱ्याचे दाम कधी बुडत नाहीत, हे गणित या धंद्याला असे जन्मापासून ठाऊक आहे.

१९६२ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी त्या दशकात टॅक्सी, झटपट भात असे उद्योग करून पाहिले; ते काही चालले नाहीत. कंपनीस हात दिला तो गुन्पेई योकोई या तंत्रज्ञाने. त्यांचा मार्ग आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. अगदी नवे, महाग तंत्र घ्यायचे नाही. जे जुने, मुरलेले व स्वस्त झाले आहे त्याचा निराळाच उपयोग शोधायचा. गणकयंत्रांमुळे स्वस्त झालेला छोटा पडदा घेऊन त्यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ केला. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याचा पडदा रंगीतही नव्हता. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत खेळ मात्र सहा-सहा सेल भराभर संपवीत, आणि हा चार सेलांवर कितीतरी तास चाले. आईबापांच्या खिशाचा हिशेब ज्याला कळला तोच तरला. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयचे ११ कोटींहून अधिक नग विकले गेले, आणि २००४ सालच्या ‘डीएस’चे १५ कोटींहून अधिक.

अशा कंपनीत पैसा घालावयाचा म्हणजे पुढचे खेळणे मुलांना आवडेल की नाही यावर घालावयाचा. नोव्हेंबर २००७मध्ये एका शेअरचा भाव ७० हजार येनच्या वर होता. २०१२ साली तो दहा हजारांच्याही खाली गेला. मधल्या काळात मोबाइल फोन आले, येन महागला, आणि २५ हजार येनला काढलेल्या ‘थ्रीडीएस’ या नव्या यंत्राची किंमत सहा महिन्यांच्या आतच १५ हजारांवर आणावी लागली. मार्च २०१२मध्ये संपलेल्या वर्षी कंपनीस ४३ अब्ज येनहून अधिक तोटा झाला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी किंमत उतरवतानाच स्वतःचा पगार निम्म्यावर आणला होता. २०१३ साली भागधारकांच्या सभेत माणसे कमी करण्याविषयी प्रश्न आला. नोकरी जाईल या भीतीने काम करणाऱ्याच्या हातून लोकांचे मन रिझवणारा खेळ होत नाही, अशा आशयाचे उत्तर इवाता यांनी दिले. आम्हांस ते मालकाचे नव्हे, घरातल्या कर्त्या माणसाचे उत्तर वाटते.

परंतु सभेत बोलणारे भागधारक निरनिराळे असतात. २०१४ साली हाँगकाँगच्या एका गुंतवणूक संस्थेने इवाता यांना पत्र लिहून मोबाइल फोनवर उतरण्याचा आग्रह धरला. मारिओला थोडी अधिक उंच उडी मारता यावी म्हणून खेळणारा ९९ सेंट देईल, त्याचा विचार करा, असे त्यात सुचवले होते. खेळातली उडी मूल बोटांच्या सरावाने शिकते. येथे ती नाण्याने मिळणार! हे पत्र लिहिणारा परका नव्हता, भागधारकच होता, आणि नफ्याच्या गणितात तो चुकतही नव्हता.

नफ्याचे गणितसुद्धा सारेच मांडून पाहतात असे नाही. जुलै २०१६मध्ये ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरच्या खेळाने जग वेडावले आणि निन्टेन्डोचा भाव दोन आठवड्यांत दुपटीहून वर गेला. खेळ वस्तुतः नायँटिक या दुसऱ्याच कंपनीने केला होता. पोकेमॉन कंपनीत निन्टेन्डोचा वाटा ३२ टक्के. नफ्यावर याचा परिणाम मर्यादितच राहील, असे निन्टेन्डोने २२ जुलैला जाहीर केले आणि पुढच्या सोमवारी भाव एका दिवसात सुमारे १८ टक्के कोसळला. सातबाऱ्यावर नाव कोणाचे हे न पाहता जमीन घेणाऱ्यास गावात काय म्हणतात ते सांगावयास नको.

डिसेंबर २०१६मध्ये मारिओ मोबाइलवर आला तो मात्र त्या पत्राच्या वाटेने नव्हे. सुमारे दहा डॉलर एकदा भरले की सारा खेळ खुला. लहानग्याने नकळत पैसे उडवण्याची आईबापांना धास्ती नाही. बाजाराला हे रुचले नाही. खेळ येताच शेअर उतरला. फेब्रुवारी २०१७मध्ये त्याच कंपनीने ‘फायर एम्ब्लेम हिरोज’ काढला. त्यात हवा तो वीर मिळवण्यासाठी सोडत असते आणि पैसे भरून ती पुनःपुन्हा काढता येते. त्याची कमाई मारिओच्या खेळाहून कितीतरी अधिक झाली.

ऑक्टोबर २०२२मध्ये कंपनीने एका शेअरचे दहा केले, म्हणजे लहान गुंतवणूकदारालाही तो परवडावा. कोणी घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. योकोईंच्या चार सेलांच्या डबीत भाग असणे कमीपणाचे नाही. परंतु लाभांश खात्यात जमा होतो तो एकच आकडा असतो. त्यातले मारिओचे किती आणि सोडतीचे किती, हे त्यावर लिहिलेले नसते. ते वार्षिक अहवाल मागवून, चष्मा पुसून, स्वतःच शोधावे लागते.