साखर, सासर आणि बी.एड.

मला सतराव्या वर्षी मधुमेह झाला. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्या प्रकारचा. तिथे गोळीने भागत नाही, रोज टोचून घ्यावंच लागतं. लग्न ठरताना अब्बांनी काही लपवलं नाही. सासरचे "हरकत नाही" म्हणाले, आणि निकाहनंतर तोच आजार रोज माझ्या तोंडावर फेकू लागले.

२००४ साली मी बी.एड.ला होते. माझं तेव्हाचं इन्सुलिन असं, की टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच हवं. घरची रीत अशी, की पुरुषांचं आटोपल्याशिवाय बायकांनी ताट घ्यायचं नाही. बाहेर दस्तरखान रंगलेला, आत माझे हात थरथरतायत, घामाने कपडे भिजलेत. साखर उतरली की असंच होतं. सासूबाई त्याला "नाटकां" म्हणायच्या. एकदा दूध-दह्याजवळ सुया नकोत म्हणून नणंदेने बाटल्या फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवल्या. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे. महिन्याचं औषध गेलं. रमजानमध्ये ऐकावं लागे, "रोजे को ताकत नहीं, किताबां को है." आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिलीय, सूरह बकरा काढून बघा, असं म्हटलं तर उलट बोलते म्हणून नवऱ्याची थप्पड बसली.

पाठ टाचणं मी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात लिहायची. एक बाटली शेजारच्या खालांच्या फ्रिजमध्ये असायची, ओढणीच्या टोकाला साखरेची पुडी. सराव पाठ असे पार पडले.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशींविषयी वाचलं. नवव्या वर्षी लग्न. गोपाळरावांनी शिकवलं, आणि शिकवताना मारलंही. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या नि पुस्तकं, हे सगळं त्यांनी अमेरिकेतून खुद्द नवऱ्यालाच पत्रात लिहिलं. सततच्या आजारपणात शिकून ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. शाळेतल्या भाषणांत मुलं गोपाळरावांचेच गोडवे गातात. त्यांचं श्रेय आहेच. पण मी मुलांना ते पत्रही सांगते.

पदवी घेऊन मी माहेरी आले. पुढे खुला झाला, ती हकिकत वेगळी.

माझ्या वेळी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नव्हता. तो २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे, आणि सुनांनाच नव्हे, घरातल्या लेकी-बहिणींनाही. नुसती मारहाण नाही, तब्येत धोक्यात घालणं, घालूनपाडून बोलणं, पैसा अडवणं हीसुद्धा त्यात हिंसाच. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. "घर की बात घर में" म्हणणाऱ्या बुजुर्गांनी हेही माहीत करून घ्यावं.

ओळखीत एक दहावीची मुलगी आहे, तिलाही हाच आजार. भाऊ तिच्या सुया फेकून देतो, घरचे हसतात. तिच्या बाटल्या सध्या माझ्याकडे असतात. वडिलांना दोनदा निरोप धाडला, आले नाहीत. या रविवारी अम्मीला घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. नाहीच ऐकलं तर मुलांसाठीचा १०९८ हा नंबर मी मुलीला आधीच पाठ करायला लावलाय.