रक्ताची साक्ष

मराठी घरात 'पित्त' हा शब्द जितका राबतो, तितके दुसरे कोणी राबत नसेल. डोके दुखले की पित्त. उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या तर तेही पित्तच, आणि त्यावर आमसूल चोळायचे. फार काय, एखाद्या सज्जन गृहस्थाला राग आला तरी त्याचे पित्तच खवळते! मराठीचा मास्तर या नात्याने मला या बहुगुणी शब्दाचे कौतुक वाटायला हवे. पण एकाच शब्दावर इतकी कामे पडली की त्याच्या मूळ घराकडे कोणाचे लक्ष जात नाही. यकृताच्या खाली तीन-चार इंच लांबीची एक पिशवी असते, यकृतात तयार झालेले पित्त ती साठवते, आटवून दाट करते आणि तुपातेलाचे जेवण पोटात उतरले की आकसून ते आतड्यात सोडते. या पिशवीचे नाव पित्ताशय. आयुष्यभर पित्ताच्या नावाने खडे फोडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तिचा पत्ता सांगता येईल?

आमच्या आत्याला तरी सांगता आला नसता. गेल्या भाद्रपदात गौरी जेवल्या, त्या दिवशी तिनेही दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या आणि रात्री अकराच्या सुमारास ती कण्हू लागली. वय त्र्याहत्तर. "पित्त झालंय रे, आमसुलाचं पाणी दे," एवढेच तिचे म्हणणे. पण माझी पत्नी तिच्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "आत्या, तुमचा हात सारखा उजव्या बरगडीखाली जातोय. कळ पाठीत, खांद्यापर्यंत येतेय म्हणता. हे आमसुलाचं काम नाही." एक वाजता आम्ही इस्पितळाच्या तातडीच्या विभागात होतो.

तिथे डॉक्टरीणबाईंनी प्रथम काढला तो हृदयाचा आलेख. दुखते पोटात आणि कागद छातीचा, हे पाहून आतेभाऊ चिडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हृदयविकाराचा झटका कधीकधी पोटदुखीच्या वेषात येतो, विशेषतः या वयात." मग रक्त घेतले. तासाभरात अहवाल आतेभावाच्या मोबाइलवर आला. पांढऱ्या पेशी ९,२००. साधारण मर्यादा ४,००० ते ११,०००. ट्रोपोनिन ठीक, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण नाही. लायपेज ठीक, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आल्याचे दिसत नाही. बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ठीक, म्हणजे पित्ताच्या मुख्य नळीत खडा अडकल्याची शंका कमी. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ४, तेही मर्यादेतच.

"आई, सगळं नॉर्मल आहे. चला घरी," आतेभाऊ म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. त्याला दोष कसा द्यावा? अहवालात एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. आत्या तर उठून पदरही सावरू लागली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा. आजींचं रक्त आत्ता एवढंच सांगतंय, की दुखणं सुरू होऊन अडीचच तास झालेत."

हे वाक्य मी विसरणार नाही. त्यांनी त्याचा अर्थही समजावून दिला. हे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडले. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगातील 'सी' नावाच्या अंशाला ते चिकटते, म्हणून हे नाव. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ते तयार करू लागते. पण रक्तात ते वाढलेले दिसायला सहा ते बारा तास लागतात आणि ते शिखराला पोचते सुमारे दोन दिवसांनी. पांढऱ्या पेशींचेही तसेच. शिवाय वृद्ध माणसात दाह चांगला पेटलेला असूनही कधी त्या वाढत नाहीत, तापही येत नाही.

मग त्यांनी आत्याच्या उजव्या बरगडीखाली बोटे दाबून धरली आणि म्हटले, "आजी, खोल श्वास घ्या." आत्याचा श्वास अर्ध्यावरच तुटला. शिकागोचे शल्यविशारद जॉन मर्फी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. तिला ना यंत्र लागते ना वीज. पाठोपाठ सोनोग्राफी झाली. पित्ताशय फुगलेले, भिंत किंचित जाड, आणि तोंडाशी अडकलेला खडा. "खडा आपोआप सरकला तर कळ काही तासांत थांबेल. नाही थांबली तर दाह आहे असं समजायचं. आजी इथेच राहतील."

कळ थांबली नाही. सकाळी दहाला पुन्हा रक्त घेतले. पांढऱ्या पेशी १५,२००, प्रोटीन ३८, आणि अंगात ताप. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन पित्ताशय काढले. आत्या सुखरूप आहे. त्या रात्री ती घरी आली असती तर काय झाले असते, याचा विचार मी करीत नाही.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. टोकियोच्या नावाने २००७ साली निघालेले आणि २०१३ व २०१८ मध्ये सुधारलेले निदानाचे नियम तीन पाय मागतात : हाताला लागणारी खूण, दाहाची खूण आणि चित्रातली खूण. रक्त हा त्यातला एकाच पायाचा भाग. २००३ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा आढावा आला होता. त्याचाही निष्कर्ष हाच, की एकट्या कुठल्याही लक्षणावर किंवा रक्ताच्या एकट्या आकड्यावर हे निदान ठरवता येत नाही, नाकारताही येत नाही. मग रक्त तपासायचेच कशाला? तर दुखण्याचे दुसरे संशयित बाजूला काढायला, आणि दाह किती चढला ते मोजायला. पेशी १८,००० च्या वर गेल्या, तर टोकियोचे नियम तो दाह वरच्या पायरीचा धरतात.

मला हे सारे ओळखीचे वाटले. वर्गात मी मुलांना विचारतो, "'पान' म्हणजे काय?" कोणी सांगतो झाडाचे, कोणी पुस्तकाचे, कोणी विड्याचे, आणि जेवायची वेळ झाली असेल तर मांडलेले पान! वाक्य कळल्याशिवाय शब्दाचा अर्थ सांगता येत नाही. ९,२०० हाही असाच एक शब्द आहे. तो किती वाजता, कोणत्या वयाच्या माणसाविषयी, कुठल्या दुखण्याच्या संदर्भात उच्चारला गेला, हे पाहणारा कोणीतरी लागतो. अलीकडे अहवाल डॉक्टरांच्या आधी आपल्या हातात पडतो आणि आपण सगळेच वाचक झालो आहोत. 'नॉर्मल आहे ना?' असे विचारण्याची आपल्याला घाई असते. त्याऐवजी 'या आकड्यावरून काय ठरलं आणि काय ठरायचं राहिलं?' असे विचारले, तर तातडीच्या विभागातले दमलेले डॉक्टरसुद्धा आनंदाने उत्तर देतील असा माझा अनुभव आहे.

दिवाळीचे दिवस आहेत. चकल्या, करंज्या, अनारसे सगळे तुपातेलातले. खावे, मीही खाणार आहे. पण घरात कोणी उजव्या बरगडीखाली हात धरून बसले आणि ती कळ थांबेनाशी झाली, तर आमसुले सोलकढीसाठी ठेवावीत आणि गाडी बोलवावी.