गुटीचा डबा

डबा आज तिसऱ्यांदा कपाटातून काढला आणि तिसऱ्यांदा परत ठेवला.

पितळी डबा. झाकण एका बाजूला चेमटलंय, त्यामुळे लावताना थोडं फिरवून वरून धपका द्यावा लागतो. आत आजीच्या हातच्या पुरचुंड्या: वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग. आणि सगळ्यांच्या तळाशी, पंचांगाच्या पिवळ्या पडलेल्या पानात गुंडाळलेला खवले मांजराचा एक खवला.

तळहाताच्या खळग्यात बसेल एवढा. रंग काकवीचा, पण दिव्यापुढे धरला की कड मधासारखी होते. मुळाशी बारीक उभ्या रेघा, टोकाकडे झिजून गुळगुळीत. त्या रेघा बिळं उकरता उकरता झिजल्या की आमच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या पोरांच्या अंगाला घासून, हे आता सांगता यायचं नाही. एका कोपऱ्यात भोक आहे आणि भोकात काळ्या दोऱ्याचा तुकडा.

खवले मांजर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. म्हणजे हा खवला घरात बाळगणं गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. दोऱ्यासकट.

यावर विचार करायला बसले की मला दर वेळी उंदरांची सभाच आठवते. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? शाळेत ही म्हण शिकवताना बाईंनी त्या म्हाताऱ्या उंदराला शहाणा ठरवलं होतं. मला तो कधी आवडला नाही. ज्याला घंटा सुचली त्याच्याकडे निदान घंटा तरी होती. (ती आणली कुठून, दोरी कुणी वळली, यावर गोष्ट गप्प आहे.) म्हातारा एक प्रश्न टाकतो नि सभा उधळते. पुढे काय झालं? उंदीर घरी गेले, मांजर आलं, एकेक करून खाल्ले असतील. म्हाताऱ्यालाही. पण म्हणीत त्याचा प्रश्न तेवढा उरला.

जंगली जनावरं वाचवण्यावरच्या ज्या थोड्याफार चर्चांना मी जाऊन बसलेय, तिथे हा म्हातारा हजर असतोच. कुणी म्हणतं, शिक्षा वाढवा. तो विचारतो, पकडणार कोण? कुणी म्हणतं, रानाकडेच्या गावांना दुसरा रोजगार द्या. तो म्हणतो, पैसा कुणाचा? कुणी म्हणतं, पाळून पैदास करू म्हणजे भाव पडतील. तो म्हणतो, पिंजऱ्यात ते तगत नाही, आणि वर्षाला होऊन होऊन एखादंच पिल्लू होतं. सगळं खरंच असतं त्याचं. मग चहा येतो.

पण या मांजराच्या बाबतीत म्हण शब्दशः घ्यायला गेलं तर निराळीच पंचाईत होते. एक तर ते मांजर नाहीच. तोंडात दात नाहीत, लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी टिपून जगतं. दुसरं, त्याला बांधण्याजोगा गळा नाही. डोकं इतकं निमुळतं की पट्टा घातला तर पुढून सुटून येईल. त्यामुळे ते कुठे जातं हे पाहायचं तर रेडिओ टॅग खवल्यालाच बसवावा लागतो, अनेकदा खवल्याला बारीक भोक पाडून. हे वाचलं तेव्हा मी डबा पहिल्यांदा काढला. म्हणजे भोक आजीनंही पाडलं नि अभ्यासकांनीही. दोघांनाही कुणाला तरी जपायचंच होतं.

आणि तिसरी पंचाईत मला सुटत नाही. गोष्टीत घंटा हवी असते ती उंदरांचा जीव वाचावा म्हणून. इथे वाचवायचं आहे मांजराला. मग घंटा वाजली तर ती ऐकणार कोण?

गुहागरकडचे माझे मामा जन्मभर सड्यावर आणि रानात वावरले, त्यांना खवले मांजर दोनदाच दिसलं. त्यातल्या एकदाचं ते सांगतात. रात्री कुत्रा वईपाशी भुंकत होता. बॅटरी मारली तर फणसाएवढं मुटकुळं. कुत्रा नाक लावायचा, मागे सरायचा, पुन्हा नाक लावायचा. मामा थोडा वेळ उभे राहिले, कुत्र्याला पट्ट्याला धरून घरी घेऊन आले. सकाळी बघितलं तर तिथे काही नव्हतं, वारूळ तेवढं उकरलेलं. गोळा होऊन पडून राहणं, एवढीच त्या जनावराची युक्ती. बिबट्याला ती पुरते. माणसाला मात्र सोयीची पडते. पळत नाही, चावत नाही, उचलायचं आणि पोत्यात घालायचं.

‘आता दिसलं तर?’ मी मामांना विचारलं.

‘आता दिसलं तर कुणाला बोलायचा नाही. तुलासुद्धा नाही.’

माझी अडचण इथेच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं कोकणात खवले मांजरासाठी गावोगाव काम केलं. 2020 साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला, पालखीत खवले मांजराची प्रतिकृती बसवून ती नाचवली. पालखी नाचवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शिमग्यात जी माणसं देवाची पालखी खांद्यावर घेतात तीच ही घेतात, तेव्हा ते जनावर गावचं होतं. मला हे मनापासून पटलं होतं. याच संस्थेनं 2002पासून वेळासला कासवांचं काम उभं केलं आणि जिथे अंडी काढून नेत होते त्या किनाऱ्यावर आता लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. पण कासवाच्या घरट्याला कुंपण घालता येतं. कासव किनाऱ्यावर येतंच. जे जनावर केवळ न दिसण्यावर तगून आहे, त्याची पालखी काढायची की त्याच्याबद्दल मामांसारखं गप्प बसायचं? ‘लाखांत जातं’ ही नुसती बोलवा पसरली की एरवी वाकडी वाट न करणारी माणसंसुद्धा बिळं हुंगत फिरायला लागतात. घेणारा मिळो न मिळो, जनावर जातंच. मी इथे आकडा मुद्दाम लिहीत नाही. पण मी हे लिहितेय, म्हणजे घंटा वाजवतेच आहे.

पालखीवाले यावर म्हणतील, मारणाऱ्यांना आधीच ठाऊक आहे, ठाऊक नाही ते राखणाऱ्यांना. तेही खरं.

असो. मला खरं छळतंय ते हेही नाही. मुरुडशेंग.

मुरुडशेंग हातात घेऊन पाहा. पिळलेल्या दोरीसारखी असते, थेट मुरडा पडलेल्या आतड्यासारखी. म्हणून पोटात मुरडा आला की ती द्यायची. निदान आजी तसंच सांगायची. जे जसं दिसतं ते तसं काम करतं, असा तिचा सरळ हिशेब. सहाणेवर दूध घालून एकेक जिन्नस उगाळायचा, मोजून वेढे घ्यायचे. वेखंडाचे दोन, मुरुडशेंगेचे तीन, जायफळाचा अर्धा, नाहीतर पोर दिवसभर झोपून राहील. सहाणेचा तो ओला खरखर आवाज माझ्या कानात आहे, पण तो माझ्या वेळचा नसून धाकट्या भावाच्या वेळचा असणार. आपली गुटी कुणाला आठवते?

मग प्रश्न असा की खवल्याचे वेढे किती घ्यायचे.

मावशी म्हणते, ‘छे गं, तो दृष्टीसाठी. कंबरेला बांधायचो.’ दोरा तिच्या बाजूनं साक्ष देतो. मामा म्हणतात, ‘उगाळायची की आई! खोकला झाला की उगाळायची.’ झिजलेलं टोक मामांच्या बाजूनं. आई या विषयावर काही बोलत नाही, ती नुसती पुरचुंड्या नीट बांधते. म्हणजे माझ्या पोटात खवले मांजर गेलंय की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नाही. गेलं असेल तर त्यानं काही झालं नसणार. खवला म्हणजे केराटिन, आपल्या नखाचाच जिन्नस. स्वतःची नखं उगाळून प्यायला आपण कुणाला सांगणार नाही.

चिनी औषधांत याचं नाव डोंगर भेदून जाणारं चिलखत अशा अर्थाचं आहे. जे जनावर जमीन पोखरत जातं त्याचा खवला शरीरातल्या तुंबलेल्या वाटाही मोकळ्या करील, बाळंतिणीला दूध उतरेल, असा तो हिशेब. आजीचाच हिशेब. दोघींची भेट झाली असती तर आजी आणि तिकडची कुणी म्हातारी सहाणेपाशी बसून तासभर बोलल्या असत्या, दुभाषा न घेता.

फरक मापाचा आहे, असं मी स्वतःला सांगते. आमचा एक खवला दोन पिढ्या पुरला. एप्रिल 2019मध्ये सिंगापूर बंदरात नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले खवले पकडले, ते 12.9 टन. आठवड्याभरात आणखी 12.7 टन. मिळून सुमारे 38,000 जनावरं असतील असा अंदाज केला गेला. 2016 साली जोहान्सबर्गला वन्यजीव व्यापारावरच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता, त्यानंतरची ही गोष्ट. 2020मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवला काढला, तयार औषधांतून मात्र तो पुरता गेला नाही. वाचताना मी टनाचे किलो आणि किलोचे खवले करत बसले. आणि मग वाटलं, यातला प्रत्येक खवला शेवटी कुणाच्या तरी घरी एकेकटाच जाणार होता. पुडीत. कुठल्या तरी बाळंतिणीसाठी. टन फक्त बंदरात असतो.

हा खवला जाळून टाकावा का? 2021च्या सप्टेंबरात आसाममध्ये बोकाखातला गेंड्याची 2,479 शिंगं सरकारनं जाहीरपणे जाळली. त्या शिंगाला औषध म्हणून काडीची किंमत नाही, हे जगाला दिसावं म्हणून. शिंग, खवला, नख, सगळं केराटिन, जळताना वास केसांचाच येत असणार. आजी कापलेलं नखही चुलीत पडू द्यायची नाही. वनखात्याकडे जाऊन द्यावा, हे सर्वांत सरळ. तिथे विचारतील, कुणाचा? मी सांगेन, आजीचा. ते लिहून घेतील. आजीचं पूर्ण नाव, गाव, एका अर्जात, त्या कायद्याच्या कलमाखाली. तिनं तो विकत घेतला, की कुणी आणून दिला, की रानात मेलेलं सापडलं होतं? एवढं तरी विचारून ठेवायला हवं होतं.

शनिवारी भाचेसून डबा न्यायला येणार आहे. तिला सातवा लागलाय. तिचे डॉक्टर गुटी देऊ नका म्हणालेत, तरी तिला डबा हवाय, नुसता ठेवायला. सहाण मी धुऊन उन्हात ठेवली. मुरुडशेंगेला कीड लागली होती, ती टाकली, नवी आणली. पुरचुंड्या परत भरल्या, झाकण फिरवून वरून धपका दिला.

मग डबा कानाशी धरून हलवून पाहिला. कागदातल्या खवल्याचा आवाज होत नाही. जायफळच वाजतं.