वहीचा आडोसा

शाळेत कधीच न गेलेले मूल निबंध कसा लिहीत असेल? देहूरोडची माझी विद्यार्थिनी दहा वर्षांची. वडील लष्करात, सतत बदल्या. म्हणून आई तिला घरीच शिकवते. दहावीला ती मुक्त विद्यालयातून बसेल. मराठी लेखनाला मात्र आठवड्यातून दोनदा, मोबाइलवर, मी! (या शिकवणीवर माझा लोकलचा पास निघतो, हे सांगितलेले बरे.)

तिचे पहिले तीन निबंध निर्दोष होते. ‘निसर्गाची विलोभनीय किमया’ वगैरे. मग पडद्याच्या कडेला बांगड्यांचा एक हात दिसला, खोडरबर घेतलेला. शाळेतले मूल बाईंची नजर चुकवून वहीत काहीबाही लिहिते. घरी तेवढाही आडोसा नाही. रमाबाई रानड्यांनाही १८७३ साली लग्न झाल्यावर न्यायमूर्तींनी घरातल्या बायकांचा रोष पत्करून घरीच शिकवले. गुरू एवढा मोठा, तरी १९१० साली निघालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त बोलतात त्या रमाबाईच.

मी म्हटले, “काकू, एक निबंध तुम्ही न वाचता पाठवू द्या.”

“अगं, चुका राहतील ना!”

“राहू द्या.”

दोन आठवडे वर्ग बंद. शिकवणी गेली असे मी धरूनच चालले होते.

परवा वहीचा तिरपा फोटो आला. शुद्धलेखनाच्या सात चुका. बाबा लांब आहेत हे ठाऊक असूनही ती रोज शेवटची लोकल जाईपर्यंत जागी असते, आईला कळू न देता, असे लिहिले होते.

पाठोपाठ काकूंचा फोन : “काय लिहिलंय गं तिनं? मला दाखवत नाही.”